आणखी काय आणू?

मराठीत तोंडातून बाहेर काढायला सर्वांत अवघड शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी 'आणखी' हा शब्द सांगेन. पहिल्यांदा मागणं सोपं असतं. पहिलं कर्ज मागणारा माणूस आमच्या बँकेच्या काउंटरवर ताठ मानेनं उभा राहतो. तोच माणूस वर्षभरानं त्या कर्जावर 'आणखी थोडं' मागायला आला, की दोरीला बांधलेलं पेन हातात घेऊन त्याच्याशी चाळा करत बसतो. जेवणाचंही तसंच आहे. पहिलं ताट हा हक्क असतो. त्यानंतरचा प्रत्येक पदार्थ हा मागणारा आणि वाढणारा यांच्यातला व्यवहार असतो, आणि व्यवहार म्हटला की त्याला नियम आले.

आमच्या मालवणात घरच्या जेवणाचा नियम सरळ आहे. पाहुण्यानं 'आणखी' म्हणायचंच नसतं. ते काम यजमानाचं. पाहुण्यानं फक्त 'नको' म्हणायचं, तेही हात ताटावर आडवा धरून, बोटं थोडी फाकवून, म्हणजे मधून आमटी सहज पडावी. पहिल्या 'नको'ला यजमान ऐकून घेत नाही, दुसऱ्याला रागावतो, आणि तिसऱ्याला बांगड्याची तुकडी ताटात टाकून मोकळा होतो. चौथ्यांदा 'नको' म्हणणारा एकतर डायबेटिसवाला असतो किंवा मुंबईचा.

खानावळीत गेलात की हाच हिशेब उलटा होतो. मालवणच्या खानावळीत जेवणाची दोन खाती असतात. भात, कढी आणि तिखलं हे एक खातं. त्याला मर्यादा नाही, ते बादलीतून येतं. मासळी हे दुसरं खातं. ती मोजून येते आणि तुकडी-तुकडीला पैसे पडतात. सुरमईची तुकडी पुन्हा मागवलीत की वाढपी नुसती मान हलवत नाही, तो गल्ल्याकडे वळून मोठ्यानं पुकारा करतो. आजूबाजूच्या चार टेबलांना कळतं की ह्या गृहस्थांनी जादा सुरमई घेतली आहे. ही जाहिरात टाळायची असेल तर बादलीवर भागवावं लागतं. त्याचंही एक तंत्र आहे. भात संपल्यावर तिखलं मागणारा नवखा. जाणकार माणूस भात थोडा शिल्लक ठेवतो, तिखलं मागतो, मग ते जास्त झालं म्हणून भात मागतो, मग भात जास्त झाला म्हणून पुन्हा तिखलं मागतो. आमच्या डबल एंट्रीत प्रत्येक नावेला एक जमा असते, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे ताळेबंद जुळला असं माणूस कबूलच करत नाही.

बाकी खानावळीतल्या वाढप्याशी फार बोलायचं नसतं. तुम्ही वर बघितलंत म्हणजे मागितलंत. तो भुवई उंचावून 'भात?' एवढंच विचारतो. तुम्ही मान डोलवायची. दहा-दहा वर्षं एकाच खानावळीत जेवलेली आणि वाढप्याशी ह्यापलीकडे एक शब्दही न बोललेली माणसं मला ठाऊक आहेत, आणि दोघांचं एकमेकांवाचून काही अडलेलं नाही.

समुद्रावर जेवताना कोणते नियम लागू होतात हे मात्र आमच्या पिढीला कुणी शिकवलं नाही. शिकवणार तरी कोण? आमच्या वडिलांच्या वेळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची ती रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत मालवणला यायची आणि पुढे वेंगुर्ल्यावरून गोव्याला जायची. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. ती लांब उभी राहायची आणि उतारू ट्रंका-वळकट्यांसकट खालच्या पडावात उतरायचे. पावसाळ्यात सगळंच बंद. त्या बोटीवर आमचे वडील कायम भाकरी आणि सुकी चटणी बांधून नेत. ती भाकरी पोटात राहील की नाही हा प्रश्न दर्याच्या मर्जीवर अवलंबून असे. आपल्याकडे 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग आहे. बोट धक्क्याला लागते आणि माणसाला बोट लागते. यांपैकी दुसरी गोष्ट वडिलांच्या बाबतीत अधिक नियमितपणे घडायची. तेव्हा त्या प्रवासात जादा पदार्थ म्हणजे एक लिंबू. तेही हुंगायला.

पुढे त्या बोटी बंद पडल्या. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि बोट आठवणीतच राहिली. मग २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' नावाचं जहाज मुंबई-गोवा सुरू झालं आणि २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' आलं. आता बोटीनं जाणं म्हणजे गावाला जाणं राहिलं नाही, बोटीवर राहून येणं झालं. जायचं कुठे हे गौण. आमच्या सासऱ्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त माझ्या ठाण्याच्या मेव्हण्यानं अशाच एका जहाजाची सहा तिकिटं काढली. मुंबई-गोवा-मुंबई. म्हणजे आम्ही मालवणच्या माणसांनी कुडाळला गाडी पकडून मुंबईला जायचं, तिथून बोटीत बसून मालवणवरून पुढे गोव्याला जायचं, गोव्याहून पुन्हा मालवणवरूनच मुंबईला यायचं आणि मुंबईहून गाडीनं कुडाळला परतायचं. गोवा आम्हाला एस.टी.नं काही तासांचा. आमच्या शाखेतल्या शिपायानं हा मार्ग ऐकून घेतला आणि फक्त एवढंच विचारलं, "साहेब, डॉक्टराक दाखवलात?"

जहाजावरच्या जेवणाच्या दालनात पहिल्या रात्री मेनूकार्ड हातात आलं आणि माझा सगळा आधारच सुटला. मध्यमवर्गीय माणूस मेनूकार्ड उर्दूसारखं वाचतो, उजवीकडून डावीकडे. आधी आकडा, मग पदार्थ. आकडा झेपला तर पदार्थ काय आहे ते बघायचं. इथे उजवीकडे आकडाच नव्हता! नुसती कोरी जागा. तिकिटातच सगळं जेवण धरलेलं. दारू आणि असल्याच चैनी वेगळ्या. पस्तीस-चाळीस पदार्थांची ती निनावी, निराकार यादी बघून मला कॅश मोजताना बंडलावरची पट्टीच गळून पडल्यासारखं झालं.

मेव्हणा मात्र अभ्यास करून आला होता. त्यानं आम्हाला जहाजी जेवणाचं शास्त्र सांगितलं. बड्या जहाजांवरच्या मुख्य भोजनगृहात एक सूप, एक मुख्य पदार्थ, एक गोड, असं बंधन नसतं. दोन सूप मागा, दोन मुख्य पदार्थ मागा, सगळ्यांत मिळून मध्ये एक ठेवायला मागा, कुणी काही म्हणत नाही. ताटल्यांतला ऐवज बेताचाच असतो, कारण माणूस दोन-तीन प्रकार मागणार हे स्वयंपाकघरानं धरलेलं असतं. परदेशी जहाजांपैकी काहींनी अलीकडे हात आखडता घेतलाय म्हणे. कुठे तिसऱ्या मुख्य पदार्थाला पाच डॉलर लावतात, कुठे शेवंडीची रात्र असली तर पहिली शेवंड तिकिटात आणि दुसरीला वेगळं बिल. हे ऐकून मला एकदम बरं वाटलं. म्हणजे शेवटी अमेरिकेतला जहाजवाला आणि मालवणचा खानावळवाला एकाच निष्कर्षाला आले: भात कितीही घ्या, मासळी मोजून.

मेव्हण्यानं शास्त्राचं लगेच प्रात्यक्षिक केलं. त्यानं एकट्यानं दोन सूप, एक सॅलड, पनीरचं काहीतरी आणि दोन मुख्य पदार्थ सांगितले. मी वेटरच्या तोंडाकडे बघत होतो. पंचविशीतला पोरगा, काळा जाकीट, छातीवर नावाची पट्टी. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्याची रेषही उमटली नाही. "व्हेरी गुड चॉईस, सर," म्हणाला. सहा पदार्थांना मिळून 'चॉईस' म्हणणं ह्याला माझ्या मते निवड नव्हे, शरणागती म्हणतात. पण तो त्याच्या धंद्याचा भाग. शिवाय त्यानं कागदावर काही लिहिलं नाही. सहा माणसांचे सतरा पदार्थ डोक्यात ठेवून गेला आणि बिनचूक घेऊन आला. आमच्याकडे चार आकडी टोकन नंबर लिहून घेतल्याशिवाय कुणाच्या लक्षात राहत नाही.

आमच्या सासऱ्यांची पंचाईत निराळीच झाली. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक. खडू, डस्टर, छडी, सगळं टेबलावर ओळीनं लावून ठेवायची बत्तीस वर्षांची सवय. दोन घास खाल्ले की ते काटा आणि सुरी ताटलीत शेजारी-शेजारी सरळ ठेवून थोडं पाणी पीत. आता काटा-सुरी शेजारी-शेजारी सरळ ठेवणं ही त्या जगात 'माझं झालं' अशी खूण आहे, हे त्यांना कुणी सांगावं? ताटली उजव्या बाजूनं अलगद नाहीशी होई. तीनदा हे घडलं. तिसऱ्या वेळी तर बटाट्याचा एक उत्तम तुकडा गेला. मग ते डाव्या हातानं ताटली घट्ट धरून जेवू लागले. वेटरच्या ते लक्षात आलं असावं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं काही न बोलता काटा-सुरी उचलली आणि त्यांच्यापुढे नुसता एक चमचा ठेवला. सासरे म्हणाले, "हुशार आहे मुलगा." त्यांनी आपल्या नोकरीत हा शेरा फार जणांना दिलेला नाही.

परतीच्या रात्रीची गोष्ट. बोट संध्याकाळी मुरगावहून सुटली होती. आम्ही जेवणाच्या दुसऱ्या पाळीत, उजव्या बाजूच्या खिडकीशी. तोच वेटर. सूप आणताना त्याच्या मदतनीसानं बशांचा ढीग भलत्याच ठिकाणी टेकवला आणि हा दबल्या आवाजात त्याला म्हणाला, "हय ठेय रे, थय नुको."

बायकोचा चमचा थांबला. दोन दिवस जो पोरगा आमच्याशी 'येस मॅम' आणि 'शुअर मॅम' करत होता, त्याच्याकडे मान वर करून ती सरळ म्हणाली, "खयचो रे तू?"

त्यानं आधी मागे बघितलं. कप्तान लांब दुसऱ्या टेबलाशी होता. मग म्हणाला, "आचऱ्याचो, काकी."

झालं! त्या क्षणापासून आमच्या टेबलावरचे सगळे नियम बदलले. आचरा म्हणजे आमच्यापासून वीसेक किलोमीटर. सासऱ्यांनी शाळा कोणती ते विचारलं, सासूबाईंनी आवस कशी असा ते विचारलं, मेव्हण्यानं पगार विचारला (ठाण्यात राहून तो बिघडलाय). पोरगा उत्तरं देत होता, पण हातानं बशा वाढत होता, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं की सूपचीच चौकशी चाललीय.

"घराक कधी जातलंस?" बायकोनं विचारलं.

"गणपतीक जावक गावला नाय. आता शिमग्याक बगूया."

आचरा हे गावपळणीचं गाव. साधारण चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव गुरं-ढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो आणि चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन घरी परततो. गाव सोडून राहायची त्या लोकांना सवय आहे. पण तीन दिवसांची. ह्याला आठ महिने झाले होते.

मग तो जे बोलला ते मला जसंच्या तसं आठवतंय. सूपच्या रिकाम्या वाट्या उचलता उचलता म्हणाला, "काका, परतीक सूप वाढताना वेंगुर्ला येता. मेन कोर्साक मालवण. आणि गोड वाढताना आचरा."

"दिसतं?"

"खय दिसतला? माजी बाकीची टेबलां पलीकडच्या बाजूक. हयसर उबा ऱ्हवलंय तर कप्तान इचारता."

आमच्या शाखेत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अशा पोरांच्या आया येतात. कुणाचा मुलगा आखातात, कुणाचा जहाजावर. पासबुक छापून घेतात आणि आकडा मला वाचायला लावतात. वाचता येत नसतो असं नाही, पण दुसऱ्या कुणी मोठ्यानं वाचला की खात्री पटते. 'आणखी काही?' हे वाक्य मी काउंटरवर कधी उच्चारत नाही, कारण न जाणो, कुणीतरी खरोखरच काहीतरी सांगायचं. त्या आया न विचारताच सांगतात. झिल बरो असा, जेवण बरा मेळता, फोन केलेलो. रांगेतली मागची माणसं चुळबुळतात. मी शिक्का उचलून ठेवतो, पण मारत नाही. शिक्का हवेत असला की व्यवहार चालू आहे असं रांगेला वाटतं.

तर मुख्य पदार्थाला मालवण आलं. खिडकीबाहेर काळोख आणि लांब कुठेतरी मचव्यांचे चार-पाच दिवे, एवढंच. मी लिंबाच्या सॉसमधला मासा सांगायला गेलो तेव्हा पोरगा खाली वाकून कानाशी म्हणाला, "काका, हो घेव नुकात. बासा असा. बर्फातलो." मालवणच्या किनाऱ्यावरून जाताना मालवणच्या माणसाला आचऱ्याच्या माणसानं मासा खाऊ न देणं, ह्याला मी गावकीचं उपकार समजतो. मग आम्ही न मागता पदार्थ यायला लागले. चिकन आलं, त्याच्यामागून मटण आलं, 'ह्या बगा कसा झालाहा' म्हणून बिर्याणी आली. बायको हात आडवा धरून 'नको' म्हणाली. "घेवा हो काकी, लाजतास कित्याक?" आता यजमान तो होता आणि पाहुणे आम्ही. तिसऱ्या 'नको'ला त्यानं तुकडा टाकलाच. चांदीच्या चिमट्यानं टाकला, एवढाच फरक.

ताटल्या उचलल्या गेल्या. त्यानं गोडाचं कार्ड आणून प्रत्येकापुढे ठेवलं आणि सवयीनं विचारलं, "एनिथिंग एल्स, सर?" तो माझ्या खुर्चीच्या मागे, खिडकीच्या अगदी समोर उभा होता.

कल्पना सासऱ्यांची. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, कार्ड हातात घेतलं आणि वर्गात विचारायचे तशा आवाजात विचारलं, "हे पहिलं काय आहे?"

वेटरनं ऑर्डर घेताना उभं राहायचं असतं. त्यावर कप्तान काय, खुद्द बोटीचा कॅप्टनही हरकत घेऊ शकत नाही. पोरानं पहिला पदार्थ समजावून सांगितला. सासऱ्यांनी दुसरा विचारला. तो झाल्यावर पहिला पुन्हा विचारला, कारण त्यांना कमी ऐकू येतं. त्या रात्री तर फारच कमी येत होतं. मग सासूबाईंनी विचारलं ह्यात अंडं आहे का. मग बायकोनं विचारलं गूळ घालतात की साखर. मेव्हण्याची बायको, जी दोन दिवसांत वजनाच्या भीतीनं काकडीपलीकडे गेली नव्हती, तिनं चॉकलेटच्या पदार्थाचा पूर्ण इतिहास मागितला. पोरगा सगळ्यांना शांतपणे उत्तरं देत होता. मात्र आमच्यापैकी कुणाकडेही बघत नव्हता. आमच्या डोक्यांवरून तो बाहेर बघत होता. मीही मान वळवून बघितलं. एक दिवा होता की दोन, सांगता येत नाही. किनाऱ्यावरचे होते की होडीवरचे, तेही नाही. तो मात्र एकदा 'कॅरॅमल' म्हणता म्हणता मध्येच थांबला.

दहा-बारा मिनिटं तरी ती ऑर्डर चालली असेल. आता एवढी चौकशी केल्यावर काहीच न मागवणं हे कुठल्याच शिष्टाचारात बसत नाही. सहा माणसांत अकरा गोड पदार्थ आले. ते आम्ही संपवले. मेव्हण्यानं चार संपवले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा काही उपयोग झाला.

मग प्रश्न आला बक्षिसीचा. परदेशी जहाजांवर माणशी रोजची टिप आपोआप बिलात धरतात, तिथे विचार करावा लागत नाही. खानावळीत बडीशेपेच्या बशीत सुटे ठेवले की भागतं. पण आचऱ्याच्या पोराला 'टिप' कशी द्यायची? "घरच्या पोराक टिप देतंत?" सासूबाई रागावल्या. बायकोनं तोड काढली. तिनं मुंबईच्या नातेवाइकांसाठी आणलेल्या खाज्यांचं एक पुडकं केबिनमधून आणलं, पाचशेची नोट घडी करून वरच्या दोऱ्यात खोवली आणि निघताना त्याच्या हातात दिलं. "खावक," एवढंच म्हणाली. आमच्याकडे गावाहून परत निघालेल्या भाच्याच्या हातात असंच ठेवतात आणि भाचा 'नको' म्हणतो. पोरगाही 'नको' म्हणाला. तीनदा म्हणाला. मग पुडकं बशांच्या ट्रेवर नॅपकिनखाली गेलं.

जाता जाता त्यानं एक फॉर्म दिला. सेवेला एक ते दहा गुण. "काका, नवाच्या खाली इला तर प्रॉब्लेम होता," असं अवघडून म्हणाला. दोन दिवसांत त्यानं आमच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. बँकेत मला गेली कित्येक वर्षं 'समाधानकारक' हा शेरा मिळतो आणि मी त्यावर समाधानी आहे, तेव्हा मला सरसकट दहा द्यायला काहीच वाटलं नसतं. पण फॉर्म सासऱ्यांच्या हातात पडला होता. आम्ही सगळे गप्प. बत्तीस वर्षांत ह्या माणसानं कुणाला पैकीच्या पैकी दिलेले नाहीत. पोटच्या मुलाला शुद्धलेखनात साडेसात दिले होते, ते तो अजून काढतो. त्यांनी खिशातलं पेन काढलं. स्वागत, तत्परता, स्वच्छता, एकेक रकाना सावकाश वाचत प्रत्येकासमोर दहाला गोल केला. शेवटच्या, अधिक सूचनांच्या चार रिकाम्या ओळींपाशी जरा थांबले. मग फळ्यावर सुविचार लिहायचे त्या वळणदार अक्षरात, वेलांट्या-उकार बघून, त्यांनी लिहिलं : 'मुलगा आचऱ्याचा आहे.'